दुसरा रिमोट

गाडीचं वय झालं होतं. रिमोट दाबला तर लॉक ढिम्म हलायचं नाही, आणि कुणी हातही लावलेला नसताना अंगणात आपोआप ‘टुक’ करून उघडायचं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “काका, आतला रिसीव्हर गेलाय. नवीन बसवतो, पण दोन्ही रिमोट घेऊन या. ते एकदमच जोडावे लागतात. जो समोर नसेल, त्याला गाडी यापुढे ओळखणार नाही.” काकांनी खिशातला रिमोट मुठीत आवळला. दुसरा मुलाकडे होता, आणि मुलगा चार वर्षांपूर्वी त्यांच्याशी भांडून तरातरा निघून गेला, तो पुन्हा फिरकलाच नव्हता. “राहू दे. मी किल्लीनेच उघडत जाईन,” म्हणत त्यांनी गाडी तशीच घरी आणली. संध्याकाळी जेवताना अंगणात ‘टुक’ वाजलं. हा नुसता बिघाड आहे, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही काका खरकट्या हातानेच दाराकडे धावले.