गव्हाणीतली कोंबडी

"फादर शेजारच्या आळीतून निघाले!" असा निरोप आला, तेव्हा आमच्या नाताळच्या गोठ्यात, थेट गव्हाणीत, कोंसूमावशीची कोंबडी बसलेली होती.

चूक आमचीच. यंदा सगळं खरंखुरं हवं, म्हणून गव्हाणीसाठी आम्ही मावशीच्या खुराड्यातली टोपली पेंढ्यासकट उचलून आणली होती. खुडूक कोंबडी सकाळी आपली टोपली शोधत आली आणि प्लास्टरच्या बाळ येशूला पोटाखाली घेऊन उबवायला बसली. इनासकाकांनी तिला उचलायला हात घातला, तर तिने बोटातून रक्तच काढलं.

फादर म्हणजे गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक. गेल्या वर्षी आम्ही पूर्वेचा तारा पश्चिमेला टांगला, म्हणून त्यांनी आमचे पाच गुण कापले होते. ते मांडवात आले, चष्मा पुसला, कागदावर पेन टेकवलं आणि विचारलं, "बाळ कुठंय?"

काकांनी बोट पाठीमागे लपवलं. वर स्पीकर नाताळची गाणी ओरडतच होता.

"कोंबडीखाली," मावशी म्हणाली. "हाकलू नका हां, फादर. सकाळपासून दाणा टिपायलाही उठली नाही ती."

फादर वाकले. कोंबडीने पिसं फुलवून मान वर काढली. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि बराच वेळ तसेच वाकून बघत राहिले.

मग गुणांचा कागद घडी करून खिशात घातला आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "तो स्पीकर बंद करा आधी. बाळ निजलंय."