शेवटची गोचीड

"घरात कुत्रा राहील, नाहीतर मी," असं सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं. पण कुत्र्याला गोचिडी झाल्यावर औषध फवारायलाही त्यांचाच विरोध. रोज कडुनिंबाच्या पाण्याने त्याची अंघोळ, मग त्याला मांडीवर घेऊन दोन तास बारीक फणी. तोंडाचा पट्टा मात्र चालूच, "हेच बघायचं राहिलं होतं म्हातारपणी!"

एके दिवशी सून म्हणाली, "बाबा, आता एकही उरली नाही. सुटलात एकदाचे!"

सासऱ्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवसापासून गोचिडी पुन्हा हजर. सून चक्रावली. सकाळी सासरे त्याला फिरवायला निघाले, तशी तीही गुपचूप मागे गेली.

मैदानाच्या टोकाला गुडघाभर गवतात उभे राहून सासरे कुत्र्याची मनधरणी करत होते, "लोळ रे सोन्या, नीट लोळ. काल दोनच निघाल्या, अर्ध्या तासात उठावं लागलं."