तिसरी पुकार

थॉमसनं गादी उचलून झटकली. खाली गाडीची चावी नव्हती.

"मरियम, तुला न्हाई ना दिसली?"

"न्हाई हो," मरियम म्हणाली, आणि रविवारी सकाळी सकाळी खोटं बोलल्याबद्दल मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. तो ओढ्यावर तोंड धुवायला गेला तेव्हा तिनंच चावी घाटाच्या कठड्यावरून दरीत भिरकावली होती.

करणार काय बाई! आज नगरजवळच्या भिंगारच्या चर्चमध्ये लेक आराधनाच्या लग्नाची तिसरी पुकार होती. लग्नाआधी तीन रविवार पाळक भर उपासनेत नवरा-नवरीची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर उभं राहा, म्हणतात. कधी कुणी उभं राहत नाही. पण लेकीनं निवडलेला पॉल पडला रंगनाथचा मुलगा, आणि याच रंगनाथनं चर्चच्या मंडळीच्या निवडणुकीत थॉमसला पाडलेलं. झालं! उपासनेनंतरच्या चहाला थॉमस सगळ्यांदेखत गरजला, "तिसऱ्या पुकारीला मी उभा राहनार. न्हाई राहिलो तर बापाचं नाव लावनार न्हाई!" थॉमस बोलला की बोलला, हे अख्ख्या भिंगारला ठाऊक. आणि नवरीचा बापच उभा राहिल्यावर लग्न कसलं लागतंय?

एवढं बोलून या माणसाला सहल सुचली. जुन्या मिनीबसमध्ये पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून त्यानं फिरतं घर करून घेतलं होतं. दसरा झालाय, डोंगर सोनकीनं पिवळे झाले असतील, रतनवाडीला जाऊ, म्हणाला. रविवारी पहाटे निघू, उपासनेला पोचू. मरियमला वाटलं, डोंगरात तरी याचं डोकं थंड होईल. कसलं काय! बाहेर फुलंच फुलं, आणि हा आत चर्चचा कोट ब्रशनं झाडत बसलेला. ती रडली, पाया पडली. "शब्द म्हंजे शब्द," एवढंच त्याचं उत्तर. त्या पत्र्याच्या डब्यात तिचा जीव गुदमरून गेला. पळून जावं तर कुठं, आणि न पळावं तर लेकीचं काय?

बाहेर दुधाची जीप थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून काय झालं विचारलं. चावी हरवलीय, भिंगारला जायचंय, हे ऐकून म्हणाला, "काका, बसा की! अकोल्यापर्यंत सोडतो, पुढं नगरची गाडी मिळंल."

आता हा जीपमध्ये चढणार, मरियमला वाटलं.

"अन् गाडी अशी रस्त्यावर टाकून येऊ व्हय?" थॉमस खेकसला. "जा बाबा तू."

जीप गेली. थॉमस पुन्हा शोधायला लागला. साखरेचा डबा पाहिला, बूट उलटे केले, बायबलची पानंसुद्धा झटकली. ऊन वर आलं. भिंगारला पहिलं गीत सुरू झालं असेल. मरियमला आता धीर निघेना.

"नका शोधू! मी टाकली दरीत. मारा, झोडा, काय करायचं ते करा. पन माझ्या लेकीचं लग्न मोडू देनार न्हाई मी."

थॉमसनं हातातला बूट खाली ठेवला. तो दाराच्या पायरीवर जाऊन बसला. नुसता घड्याळाकडं बघत राहिला. मरियम पलंगाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. आता फुटेल, मग फुटेल, म्हणून वाट बघत होती. इतकी भीती तिला लग्न झाल्यापासून कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळानं तो उठला.

"संपली असंल उपासना," तो म्हणाला. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं दुसरी चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. त्याच्या अंगाच्या उबेनं ती गरम झाली होती.

"चल, लेकीला भेटू. आणि कुनी इचारलं तर सांग, चावी हरवली हुती. मी किती शोधली, तू बघितलंस."