शेवळाच्या भाजीची दुरुस्ती

स्कॅनरचं झाकण उघडंच टाकून सगुणानं सासूला फोन लावला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध स्कॅन करून वेबसाइटवर टाकायचं तिचं काम. आज हाती आला होता रानभाज्यांवरचा, छत्तीस वर्षांपूर्वीचा. त्यात माहिती देणाऱ्यांच्या यादीत तिसरंच नाव होतं ठमाबाई लहामटे.

"आत्याबाई, तुमचं नाव छापलंय इथं. आता जगात कुणालाही फुकट वाचता येणार."

"तो चष्मेवाला पोरगा होय. महिनाभर माझ्यामागं रान तुडवलं त्यानं." ठमाबाई हरखल्या. "घसा खाजू नये म्हणून शेवळाच्या भाजीत काकडाची फळं घालायची, ते लिहिलंय का बघ."

सगुणानं पानं उलटली. शेवळं होती, फोडणी होती, काकड कुठंच नव्हतं. तिनं तसं सासूला सांगितलं.

"मग जगाचे घसे खाजवायचेत का तुला?"

फोन तसाच धरून सगुणा ग्रंथपालबाईंच्या खोलीत धावली. प्रबंधाला हात लावता येत नव्हता, पण सोबत आवाजाची फाइल जोडता येत होती. बाईंनी तिथल्या तिथं ठमाबाईंचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं.

तासाभरात नव्या नोंदींच्या यादीत सगळ्यात वर आलं: 'शेवळाची भाजी, दुरुस्ती. लेखिका: ठमाबाई लहामटे.' सगुणानं परत फोन लावून ते वाचून दाखवलं.

 पलीकडं ठमाबाईंनी घसा खाकरला.

"मशीन चालू आहे ना अजून? चाईच्या मोहोराच्या भाजीचंही त्यानं अर्धंच ऐकलं होतं."