काय पायजे, आई?

नवरात्रातली आरती संपली, जयजयकार झाला आणि सरस्वतीला एकदम रडू फुटलं. मुळूमुळू नव्हे, पार पोटातून, सगळं अंग थरथरवणारं. घटापुढेच ती मटकन बसली. अंबाडा सुटला.

नेरूळ गावातल्या त्या तीनमजली घरात सगळे तिच्याकडे धावले. मग तिची जाऊ पुतळा किंचाळली, "अगो बाय, आई आली! अंगात एकवीरा आई आली!"

झालं! ढोलकी पुन्हा घुमायला लागली. सून रंजितानं सासूच्या कपाळावर मळवट भरला. कुणी ओटीत नारळ घातला.

सरस्वती मान हलवून नाही, नाही म्हणत होती. पण अंगात आलेल्या बाईची मान हलायचीच!

वर्ष झालं, तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पाळी गेली. शेत तर कधीच गेलं होतं. "आराम करा आता," म्हणत सुनेनं मायेनंच हातातलं लाटणं काढून घेतलं. सकाळी उठायचं तरी कशाला, हेच बिचारीला कळेना. मला डाक्टरला दाखवा, असं तिनं नवऱ्याला दोनदा सांगून पाहिलं. गोटीराम उखडला होता. "काय कमी हाय तुला? सुख टोचतंय! येड्यांच्या डाक्टरकडं गेलीस तर आपल्या पोरीशी, उन्नतीशी लगीन कोन करल?"

आता तोच गोटीराम हात जोडून पुढ्यात बसला होता.

"काय पायजे, आई? मागशील ते देतो."

उभ्या जन्मात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. सरस्वतीची मान थांबली. देवीच्या नावानं खोटं बोलायचं म्हणजे पाप. तरी तिनं डोळे मिटून घेतले.

"सरस्वतीला डाक्टरकडं ने," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मनाच्या डाक्टरकडं. लाजू नको."

"उद्याच नेतो, आई!" गोटीरामनं तिच्या पायांवर डोकं टेकलं. सगळ्यांनी हात जोडले.

तो मात्र लवकर उठला नाही. उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"अजून एक सांग, आई. आमची सरस्वती... पयल्यासारखी हसनारी... ती परत कवा येल?"

ढोलकी थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सरस्वतीलाही कुणाला तरी नेमकं हेच विचारायचं होतं.