पोटातला राखणदार

लेंड्यांत जंतांची अंडी सापडली म्हणून डॉक्टर हेमांगी शेळीला औषध पाजत होती. शेळीने मान झटकली आणि औषध उसळून हेमांगीच्याच तोंडात गेलं. थुंकायच्या आत घोटभर गिळलंही गेलं.

"काय होत न्हाई बाई, पोटातलं किडं मरतील नुसतं!" शेळीवाली रखमाबाई हसली.

हेमांगीला हसू आलं नाही. तिच्या पोटात दवाखान्याने मुद्दाम सोडलेला एक जंत होता. आतड्यात गाठ धरली की शौचाला निळा रंग द्यायचा, एवढंच त्याचं काम. आई आतड्याच्या गाठीनेच गेली होती. तेव्हापासून त्याच्याच भरवशावर हेमांगीला झोप लागायची. एकदा मेला की शरीर दुसरा जंत टिकू देत नसे.

दुसऱ्या दिवशी ती संडासातून बाहेर आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने नेहमीसारखं विचारलं, "निळं नाही ना गं?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणत त्याने चहा ओतला.

तिने कप उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. निळं नव्हतं हे खरं. पण पोट ठणठणीत होतं म्हणून, की सांगणाराच मेला म्हणून? ज्या रंगाच्या धास्तीने इतकी वर्षं तिचा जीव टांगणीला लागायचा, तो आज एकदा दिसायला हवा होता, असं तिला वाटून गेलं.