भाऊजींचं मशीन

सकाळपासून सर्व्हर अडकला होता आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग वाढत होती. गोदामात हजारो सुटे भाग. कुठला कोणत्या रॅकवर आहे हे फक्त त्या जुन्या मशीनला ठाऊक. आणि मशीनच्या पोटातलं ठाऊक असलेला एकुलता एक माणूस आता त्याच्यापुढे खुर्ची उलटी करून निवांत बसला होता. त्यातला प्रोग्राम त्यानेच लिहिला होता, या घरचा जावई असताना.

"भाऊजी, चहा मागवू?" ताईच्या धाकट्या भावाने विचारलं.

"ते तुझे भाऊजी नाहीत आता," ताई म्हणाली. तिचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, तरी भावाच्या तोंडची सवय गेली नव्हती. नवं मशीन, नवा प्रोग्राम घेऊ या म्हणून ती कानीकपाळी ओरडायची. त्याचं उत्तर ठरलेलं. "चालतंय ना? अडलं तर भाऊजी आहेतच."

आज अडलं होतं.

"पाच मिनिटांचं काम आहे," खुर्चीतला तो म्हणाला, पण कीबोर्डला हात लावेना. "पोरीला सुट्टीभर माझ्याकडे पाठव. तू हो म्हण, मी सुरू करतो."

"ते कोर्टात ठरलंय. आणि तिला यायचं नाहीये तुझ्याकडे."

"मग कोर्टालाच बोलाव सर्व्हर चालू करायला."

भाऊ हसला. घशातल्या घशात, जेमतेम. मग ताईकडे न बघता म्हणाला, "पाठव ना ताई. त्यांचीही पोरगीच आहे. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलीत."

इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून ताईचा जीव विटला नव्हता, तो त्या हसण्याने विटला. ती उठली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीनची घरघर थांबली.

भाऊ पांढराफटक पडला. "अगं, सगळा माल आहे त्यात."

"माल रॅकवर आहे. आजच नवीन मशीनची ऑर्डर देते. एकेक खोकं उघडून पुन्हा नोंदवू. महिना गेला तर गेला."

"महिन्याभरात धंदा बसेल," खुर्चीतला तो म्हणाला. "मग नाक घासत येशील माझ्या दारात."

"खुर्ची सरळ कर आणि नीघ."

ती थेट फाटकावर गेली. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने काच खाली केली. "झालं का सुरू?"

"नाही. काय न्यायचंय?"

"ट्रॅक्टरचं बेअरिंग."

"बघून ओळखाल?"

"हातात आलं की ओळखेन."

"मग उतरा. शोधू."

दोघं रॅकांच्या अंधाऱ्या बोळात शिरले. पहिल्या खोक्यात भलतंच निघालं. तिने ते बंद केलं आणि दुसरं उघडलं.